पणजीच्या कपाटात सापडलेली ‘निप्पॉन’ शिक्क्याची प्लेट: किती जुनी, किती रुपयांची?

तुम्ही लिहिलंय की चिनी मातीच्या प्लेटच्या पाठीवर हिरव्या रंगात पानांचं कडं आहे, कड्यात इंग्रजी ‘एम’ आहे आणि सोबत ‘हँड पेंटेड’, ‘निप्पॉन’ असे शब्द आहेत. घरात ती ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ म्हणून सांगितली जाते. शिक्का खरा असेल तर ते दोनशे वर्षांचं आत्ताच विसरा.

अमेरिकेत १८९० साली मॅकिन्ले जकात कायदा झाला आणि १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं भाग पडलं. जपानी कारखानदार आपल्या देशाला म्हणतात तेच लिहू लागले, निप्पॉन. १९२१ मध्ये अमेरिकी कस्टमने ठरवलं की हा इंग्रजी शब्दच नव्हे, ‘जपान’ लिहा. म्हणून नुसतं ‘निप्पॉन’ दिसलं की माल साधारण या तीस वर्षांतला. कड्यातला ‘एम’ मोरिमुरा या व्यापारी घराण्याचा. त्यांनीच १९०४ साली जपानात नागोयाजवळ चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला, ज्याला आज आपण नोरिताके म्हणून ओळखतो. हा हिरवा शिक्का १९११ च्या सुमारास आला. म्हणजे तुमची प्लेट पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेची.

पण हा शिक्का सर्रास नकलीही होतो. नकली मालावर कित्येकदा ‘एम’च्या जागी वाळूच्या घड्याळासारखी आकृती असते किंवा कडंच उलटं छापलेलं असतं. भिंग घेऊन आधी तेवढं बघा.

मग चित्राकडे वळा. भिंगातून एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापलेलं. हाताने रंगवलेल्यात कुंचल्याची सुरुवात आणि शेवट कळतो, शेजारशेजारच्या दोन पाकळ्या कधी तंतोतंत सारख्या नसतात, आणि झिलईवरचा रंग बोटाला किंचित उंच लागतो. एक मधली जातही असते: बाह्यरेषा छापील, रंग हाताने भरलेला. किमोनोतल्या बायकांची चित्रं असलेली स्वस्त निर्यात-भांडी बहुतेक अशीच. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. शिक्का एका कारखान्याच्या हजारो प्लेटांवर सारखाच असतो, हात मात्र प्रत्येकीवर वेगळा.

किंमत पाडतात त्या केसासारख्या चिरा, कडेचे टवके आणि झिजलेला सोनेरी मुलामा. प्लेट बोटांच्या टोकांवर अलगद तोलून नखाने टिचकी मारा. आवाज बद्द आला तर बहुधा कुठेतरी चीर आहे. आणि कृपा करून घासू नका. माझ्याकडची अशीच एक प्लेट मी पितळेच्या भांड्यासारखी काथ्याने घासली होती, कडेचं अर्धं सोनं मोरीत गेलं. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता आकडा. फोटोवरून मी तो सांगणार नाही. जालावर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच शिक्क्याच्या आणि तितक्याच मापाच्या प्लेटांचे आकडे शोधा. साध्या फुलांच्या प्लेटा पुष्कळ उरल्या आहेत, त्यामुळे भाव बेताचाच येतो. उंचावून काढलेली ‘मोरिआगे’ नक्षी किंवा दाट सोनेरी काम असेल तर गोष्ट वेगळी. चोरबाजारात नेऊन पहिल्याच दुकानात ‘किती देता?’ म्हणू नका, एवढं मात्र पाळाच.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर जपून. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरियर करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

शिक्क्याचा जवळून एक आणि नक्षीवर तिरका उजेड पाडून एक, असे दोन फोटो टाका. छापील आहे की हातचं, एवढं नक्की सांगेन.