दादरपर्यंत आठ स्टेशनं

भांडुपहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईने खुर्चीत टेकताच पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. मुलगा सिनियर केजीत, साडेपाच वर्षांचा. ऑफिसातून घरी पोचायला तिला साडेसात होतात, स्वयंपाक उरकून साडेआठला अभ्यास. 'क'चं एक पान लिहायला पाऊण तास, आणि शेवटी दोघंही रडकुंडीला. "मॅडम, पहिलीत याचं कसं होणार?"

केजीतल्या मुलांच्या आया हाच प्रश्न घेऊन येतात.

वहीत पेन्सिल इतकी दाबली होती की अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. मी मुलाला विचारलं, "ट्रेनने आलास? कुठली कुठली स्टेशनं लागली?" त्याने बोटांवर मोजत सांगितलं: कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर. "आठ!" क्रम पाठ, मोजणी बरोबर. याच मुलाचं 'कशातच लक्ष नाही' असं घरी सगळे म्हणत होते.

अडचण हातात होती. मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मताना ती मऊ, लवचीक कूर्चेची असतात आणि एकेक करत पक्की होतात, शेवटचं तर आठव्या वर्षानंतर. बोटांत पुरेसं बळ यायच्या आधी पानंच्या पानं गिरवून घेतली की मूल पेन्सिल आवळून धरतं, दमतं आणि चिडतं. हा आळस नाही, हे मी त्या आईला दोनदा सांगितलं. ते ऐकणं तिला फार गरजेचं होतं.

महिनाभर रात्रीची वही बंद ठेवायची आणि शाळेतल्या बाईंना तसं सांगायचं, असं ठरलं. मटारचे दिवस होते. दुपारी आजीबरोबर शेंगा सोलायच्या. कणकेच्या गोळ्या वळायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचे. पाटी भिंतीला उभी टेकवून खडूने मोठमोठं काढायचं. उभ्या पाटीवर मनगट आपोआप नीट वळतं. आई पोळ्या लाटताना विचारणार, "स्वयंपाकघरात 'क'ने सुरू होणारं काय काय आहे?" कांदा, कढई, कणीक. आवाज कानात पक्का बसला की अक्षर लिहिणं सोपं जातं. चार माणसांना दोन-दोन पोळ्या, तर एकूण किती, हे त्याने ताटं मांडताना मोजायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटं, तीही त्याला रस असेपर्यंतच.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे पहिली-दुसरीही त्यातच आली. तेव्हा जूनआधी सगळं यायलाच हवं, ही घाई सोडा, असं मी म्हटलं. पण दोन महिन्यांनीही बटण, चिमटा काहीच जमलं नाही किंवा मारलेली हाक ऐकू गेली नाही, तर थांबायचं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताची रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवायचं, कान-डोळे तपासून घ्यायचे.

मार्चमध्ये ती पुन्हा आली. पर्समधून वाणसामानाची चिठ्ठी काढली. तिच्या अक्षरातल्या यादीखाली वाकडंतिकडं, मोठं 'दूध' लिहिलेलं होतं, 'द' उलटा.

"मी खोडलं नाही," ती म्हणाली.