टिग वेल्डिंगमध्ये तडतड आणि काळं टंगस्टन: करंट नको, आधी पत्रा आणि गॅस बघा

२ मिमी माइल्ड स्टीलवर टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने, आर्गॉन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) शिकताना टंगस्टन काळं पडतं, मध्येच ठिणग्या उडतात, बीडला (वेल्डच्या पट्टीला) पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, राहतात आणि करंट वाढवूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. करंटच्या मागे लागू नका. टिगमध्ये स्पॅटर, म्हणजे उडणारे धातूचे थेंब, जवळजवळ नसतोच. आर्क (टंगस्टन आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) तडतडला की समजायचं, घाण आत गेली किंवा आर्गॉनचं आवरण तुटलं.

माझा पहिला संशय पत्र्यावर. हॉट रोल्ड पत्र्यावरची करडी पपडी, मिल स्केल, नवशिक्याला धातूच वाटते. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर, आणि मागूनही, पांढरा धातू दिसेपर्यंत ती घासून काढा. मग ॲसिटोनने पुसा, पूर्ण उडू द्या. फिलर रॉडही, म्हणजे जोडात वितळवायची सळईही, पुसायचा. तो हमखास राहून जातो. ब्रेक क्लीनर मात्र अजिबात वापरू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा अंश उरला, तर आर्कमुळे त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जिवावर बेतू शकतं.

आता टंगस्टनचं टोक नीट बघा. चांदीसारखं असेल तर ठीक. निळं-काळं असेल तर ते गरम असतानाच गॅस बंद झालाय किंवा कुठेतरी हवा शिरतेय. पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावरही चालू राहणारा गॅस) दर १० अँपियरला १ सेकंद धरा आणि तो संपेपर्यंत टॉर्च जागेवरून उचलू नका. टोकाला धातूचा गोळा चिकटला असेल, तर ते पडलला, म्हणजे वितळलेल्या धातूच्या डबक्याला, टेकलंय. तिथेच थांबा, तेवढा भाग काढून पुन्हा धार करा, ग्राइंडिंगच्या रेषा टोकाच्या दिशेने. तसंच रेटलंत तर आर्क भरकटेल.

गॅस शुद्ध आर्गॉनच हवा. मिग वेल्डिंगचं (तारेने होणाऱ्या वेल्डिंगचं) कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं सिलिंडर इथे चालत नाही. फ्लो मिनिटाला ७ ते १० लिटर पुरे. पिनहोल दिसले की सगळे फ्लो वाढवतात, पण जास्त झोतात भोवरे होऊन उलट बाहेरची हवा ओढली जाते. पंखा बंद ठेवा. रॉडचं तापलेलं टोक गॅसबाहेर गेलं तर छाटून टाका.

हे झालं की साफ पत्र्यावर रॉड न लावता नुसता पडल चालवून बघा. तोही तडतडला तर टॉर्चची मागची कॅप आणि होजचे जोड तपासा. शांत चालला, तर घाण रॉडवाटे येतेय.