सुपरहिरो बॅरी ॲलनचं ‘द फ्लॅश’ हे कॉमिक अंक 1 ऐवजी 105 पासून का सुरू होतं?

कारण त्याला जुन्या फ्लॅशचे क्रमांक पुढे चालवायला दिले. जे गॅरिक हा पहिला फ्लॅश 1940 च्या ‘फ्लॅश कॉमिक्स’मध्ये आला, ते मासिक 1949 मध्ये 104 व्या अंकावर बंद पडलं. दहा वर्षांनी, 1959 मध्ये, डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकाने बॅरीला स्वतंत्र कॉमिक दिलं आणि थेट 105 आकडा टाकला. त्या काळी नवख्या अंकापेक्षा जुन्या, टिकलेल्या मासिकावर विक्रेत्यांचा भरवसा जास्त असे, म्हणून ही युक्ती. दोन्ही अंकांवर छापलेल्या तारखा बघितल्या की मधली पोकळी लगेच दिसते.

फक्त 105 हे बॅरीचं पदार्पण समजू नका. तो 1956 मध्येच डीसीच्याच ‘शोकेस’ या कॉमिकच्या चौथ्या अंकात आला होता. गंमत म्हणजे तिथे तो जे गॅरिकचंच जुनं कॉमिक वाचत बसलेला दाखवलाय आणि नावही त्यातूनच उचलतो! दोघांची भेट मात्र 1961 च्या 123 व्या अंकात. बॅरीनंतर फ्लॅश झालेल्या वॉली वेस्टच्या वेळी, 1987 मध्ये, डीसीने सरळ 1 पासून मोजायला घेतलं.