रेटिंग 1640 वर अडले आहे : वाचकांचे बुद्धिबळविषयक प्रश्न

प्रश्न : मी 36 वर्षांचा असून चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात नोकरी करतो. माझे क्लासिकल रेटिंग (दीर्घ वेळेच्या डावांतील ताकदीचा आकडा) 1400 होते. मार्च 2024 मध्ये फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, 2000 च्या खालच्या खेळाडूंची रेटिंग वाढवली तेव्हा ते एका दिवसात 1640 झाले आणि तेव्हापासून तिथेच घुटमळत आहे. लोकलमध्ये येता-जाता रोज तीसेक कोडी सोडवतो, सिसिलियन या ओपनिंगमधील (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींमधील) नायडॉर्फ या शाखेच्या पंधरा-सोळा चाली पाठ आहेत, ऑनलाइन रेटिंग 1900 च्या पुढे आहे. तरीही स्पर्धेत दहा-बारा वर्षांची मुले मला हरवतात. माझे नेमके काय चुकते आहे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्या पत्रात कोडी आहेत, ओपनिंग आहे, ऑनलाइन आकडाही आहे, मात्र आपण स्वतः खेळलेल्या आणि हरलेल्या डावांचा त्यात कुठेही उल्लेख नाही. माझ्या मते अडचण तिथेच आहे. फिडेने दिलेले 240 गुण हा केवळ हिशेबाचा भाग होता, कारण आपले रेटिंग 2000 पेक्षा जितके कमी होते त्याच्या 40 टक्के गुण त्यात मिळवले गेले. खेळ होता तसाच राहिला आणि आपले बहुतेक प्रतिस्पर्धीही त्याच दिवशी वर सरकले. ऑनलाइन आकड्याची गणनपद्धत वेगळी, खेळणारे वेगळे आणि बहुधा घड्याळही तीन-पाच मिनिटांचे. म्हणून त्याची येथे तुलना करू नये.

आता कामाचे बोलू. आपल्या शेवटच्या वीस क्लासिकल डावांच्या स्कोअरशीट (चाली लिहिलेले कागद) काढा आणि संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक डावात परिस्थिती कुठे बिघडली, त्या क्षणी आपल्या मनात काय होते आणि घड्याळात किती वेळ उरला होता, हे चार ओळींत लिहा. त्यानंतरच स्टॉकफिश हे चाली तपासणारे इंजिन सुरू करा. आधी इंजिन पाहिले की त्याची चाल आपल्यालाही सुचलीच असती असे वाटू लागते आणि चूक अंगाला न लागता निघून जाते. वीस डाव झाले की चुकांची वर्गवारी करा. 1600 च्या आसपासच्या खेळाडूंचे डाव पाहण्याचा माझा अनुभव असा की, ओपनिंगमुळे हरलेले डाव त्यात फार थोडे निघतात. बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याने नुकत्याच केलेल्या चालीमागचा साधा धोका पाहिलेलाच नसतो. आपल्याच योजनेत रमल्यामुळे त्याचा उंट दुसऱ्या टोकावरून कुठे रोखून बसला आहे, हे ध्यानात येत नाही. आपल्या यादीतही हेच आढळले, तर प्रत्येक चालीपूर्वी ‘त्याला आता काय करायचे आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावण्याखेरीज दुसरे औषध नाही, आणि ही सवय अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

रोजच्या तीस कोड्यांविषयी माझी तक्रार आहे. कोडे समोर आले की येथे काहीतरी दडले आहे हे आधीच कळलेले असते. प्रत्यक्ष डावात तसे कोणी सांगत नाही. शिवाय लोकलच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळलेली चाल बहुतेकदा अंदाजाची असते. चुकली तर लगेच पुढचे कोडे येते. त्यापेक्षा एकच अवघड कोडे घ्या, पडद्याला स्पर्श न करता प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चिवट बचावासह शेवटपर्यंत मनात सोडवा आणि अंधेरीपर्यंत सुटले नाही तर दादरपर्यंत त्यावरच विचार करीत राहा. डावात जी आकडेमोड करावी लागते, ती हीच.

डावाच्या अंतिम पर्वाकडे मध्यम दर्जाचे खेळाडू पाठ फिरवतात, आणि खरे तर गुण सर्वांत स्वस्तात तिथेच मिळतात. 1921 ते 1927 या काळात जगज्जेता असलेला कापाब्लांकाही अभ्यासाची सुरुवात अंतिम पर्वापासून करावी असेच सांगत असे. राजा-प्याद्यांच्या डावांत दोन राजे समोरासमोर आल्यावर चाल कोणावर येते हे ओळखता आले पाहिजे. त्यानंतर हत्तीच्या डावांतील ल्युसेना (एक प्यादे जास्त असताना जिंकण्याची) आणि फिलिडोर (एक प्यादे कमी असताना बरोबरीची) या दोन स्थिती पक्क्या करा. एक प्यादे कमी असताना फिलिडोरची रीत अशी : आपला राजा प्याद्याच्या बढतीच्या घराजवळ ठेवावा, हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीवर ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या राजाला अडवावे आणि प्यादे त्या ओळीवर येताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहावे. प्यादे पुढे आल्यामुळे त्याच्या राजाला लपायला आडोसा उरत नाही आणि हरणारा डाव बरोबरीत सुटतो.

नायडॉर्फ सोडा असे मी म्हणत नाही. आपले प्रतिस्पर्धी सहाव्या-सातव्या चालीलाच पाठ केलेली वाट सोडतात, तेव्हा पुढे कोणते प्यादे केव्हा सरकवायचे एवढे समजले तरी पुरे.

मुलांविषयी मनात अढी ठेवू नका. 2300 च्या खालील अल्पवयीन खेळाडूंना फिडे 40 चा गुणक (एका डावाने रेटिंग किती बदलावे हे ठरवणारा आकडा) लावते, तर आपल्यासारख्या तीसहून अधिक डाव खेळलेल्या प्रौढांना 20 चा. तरीही भराभर सुधारणाऱ्या मुलाचे रेटिंग त्याच्या खेळाच्या मागेच राहते. समोरचा 1500 चा मुलगा प्रत्यक्षात कितीचा खेळतो, हे यादीवरून कळत नाही.

आणखी एक. रविवारच्या एकदिवसीय स्पर्धा बहुधा रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळेच्या डावांच्या, असतात आणि रॅपिडचे रेटिंग वेगळे असते. दोन्ही खेळाडू 1800 च्या खाली असले, तरी क्लासिकलसाठी 60 चालींच्या हिशेबाने प्रत्येकी किमान 60 मिनिटे असावी लागतात. तेव्हा वर्षातून तीन-चार क्लासिकल स्पर्धांसाठी रजा राखून ठेवा.

प्रश्न : माझे रेटिंग 1720 आहे. बक्षिसाच्या आशेने ‘बिलो 1800’ (फक्त 1800 च्या खालच्या खेळाडूंसाठीच्या) स्पर्धा खेळाव्यात की खुल्या?
— एक वाचक, परळ

उत्तर : आधी गणित पाहा. 20 च्या गुणकाने 1520 च्या खेळाडूला हरवल्यास आपल्याला 4.8 गुण मिळतात, बरोबरी झाली तर 5.2 जातात आणि हरल्यास 15.2. समोर 1920 चा खेळाडू असेल तर हेच उलटे होते : हरल्यास 4.8 गेले, बरोबरीत 5.2 आले. ‘बिलो’ स्पर्धेत आपण वरच्या पटांवर बसाल आणि पहिल्या फेऱ्यांत गमावण्यासारखेच अधिक असेल. बक्षिसासाठी वर्षाकाठी एखादी अवश्य खेळा. परंतु पात्रता टिकावी म्हणून रेटिंग 1800 च्या आत सांभाळणारे खेळाडूही मी पाहिले आहेत, आणि तो मोह फार लवकर जडतो. बाकी स्पर्धा खुल्याच निवडा आणि 1900-2000 च्या खेळाडूशी हरल्यावर, तो थांबायला तयार असेल तर, डाव त्याच्यासोबत पुन्हा मांडून पाहा. प्रवेश शुल्कात ही शिकवणी धरलेली नसते.