स्टेल्थ विमानाला असा कोणता रंग लावतात की ते रडारला दिसतच नाही?

रंगाचा वाटा आहे, पण तो नंतरचा. मुख्य काम आकार करतो. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करणाऱ्या मशीनवर, काम करतो, त्यामुळे हातातल्या जॉबवरूनच सांगतो.

ट्यूबलाइटखाली बेअरिंगची गोळी धरा. कशीही फिरवा, चकाकीचा एक ठिपका तिच्यावर असतोच. आता नुकतीच ग्राइंड केलेली सपाट प्लेट घ्या. एका ठरावीक कोनात उजेड थेट डोळ्यात घुसतो, पण मनगट जरा वळवलं की तीच प्लेट काळी दिसते. उजेड संपला नाही, दुसरीकडं गेला. रडारचंही असंच. सोडलेली लहर विमानावर आपटून परत आली, तरच विमान दिसणार. साध्या विमानाचं गोल अंग त्या गोळीसारखं. शेपटीचे भाग काटकोनात मिळतात तिथं तर गुण्याचा आतला कोपराच तयार होतो: लहर एका बाजूवरून दुसरीवर जाते आणि आल्या वाटेनं माघारी फिरते. म्हणून अमेरिकेच्या स्टेल्थ विमानांपैकी एफ-११७ ची शेपूट तिरकी आहे आणि बी-२ ला उभी शेपूटच नाही.

कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ साली छापलं होतं. ते अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीच्या हाती लागलं आणि १९८१ मध्ये एफ-११७ उडालं. ते चपट्या तुकड्यांचं दिसतं, कारण त्या वेळच्या संगणकाला सपाट पृष्ठभागांचाच हिशेब झेपायचा. १९८९ मध्ये उडालेल्या बी-२ पर्यंत गोलाईचाही हिशेब जमू लागला.

बॉम्ब पोटात, इंजिनाची पाती आत झाकलेली. रंग म्हणताय तो लेप लहरीची ऊर्जा शोषून तिची उष्णता करतो. पण स्क्रूचं डोकं जरा वर राहिलं किंवा पत्र्याच्या सांध्यात फट पडली, तरी परतीची लहर वाढते. फिनिशिंगला एवढी किंमत असते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

एवढा आटापिटा का, तर हिशेबच कठीण आहे. परतीची लहर सोळा पट कमी केली, तर रडारचा पल्ला निम्माच होतो. दहा हजार पट कमी केली, तर दहावा भाग. समजा कोल्हापुरात रडार आहे आणि त्याला साधं विमान पुण्यावर असतानाच दिसतं. तर असं विमान पार पन्हाळ्यापर्यंत येईस्तोवर दिसणार नाही.

तेव्हा "दिसतच नाही" हे खरं नाही, उशिरा दिसतं. लहर लांब असेल, म्हणजे तिच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर जास्त असेल, तर आकाराची युक्तीही फिकी पडते आणि पातळ लेपही. २७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ पाडलं गेलं. तिथं टेहळणीला सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरींचं जुनं सोव्हिएत रडार होतं.