‘सफाई’नं फोटो कसे नेले?

प्रश्न: दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची वेबसाइट निवृत्तीनंतर मी सांभाळतो. ती वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. बॅकअप, कॅशे (पानांच्या साठवलेल्या तयार प्रती), दुवे तपासणं, सफाई अशा छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या याद्या, भाच्यानं लिहून दिल्या आणि तो मेलबर्नला गेला. मी त्यांची मराठीत दोन पानी माहिती तयार करून आपणहून कमांड चालवणाऱ्या एआय एजंटला दिली. ‘साइट फार हळू उघडते, बघ जरा’ म्हटलं, तर त्यानं ‘सफाई’ चालवली आणि सुरसागरावरच्या विसर्जनाचे जुने फोटो उडाले. बॅकअपमधून परत मिळाले. माहिती मराठीत होती म्हणून घोटाळा झाला का? सोबत माहितीची पानं आणि स्क्रिप्ट पाठवतो.
– एक वाचक, बडोदे

उत्तर: काका, मराठीचा यात काही दोष नाही. हल्लीचे एजंट मराठी बऱ्यापैकी वाचतात. फक्त कमांड आणि फोल्डरची नावं सर्व्हरवर आहेत तशीच्या तशी लिहा, म्हणजे झालं.

तुमचं पहिलं पान भाच्याच्या कौतुकात गेलंय. माझी हरकत नाही, पण एजंटला त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्या पानावर सफाईबद्दल एकच ओळ आहे: ‘नको असलेले फोटो काढते, गरज पडेल तेव्हा चालवावी.’ गरज कधी पडते हे तुम्हाला ठाऊक. एजंटला साइट हळू आहे एवढंच कळलं, तीच त्यानं गरज धरली. आणि ‘नको असलेले’ म्हणजे कोणते? स्क्रिप्ट उघडून पाहिली. ज्या फोटोचं नाव कुठल्याही पानाच्या मजकुरात सापडत नाही, तो तिच्या लेखी फालतू. विसर्जनाचे फोटो गॅलरीच्या प्लगइनमधून, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा प्रोग्राममधून दिसतात, आणि हे प्लगइन आपली यादी डेटाबेसच्या वेगळ्या टेबलात ठेवतं. म्हणजे ते जाणारच होते. भाच्याला हे माहीत असणार, पण कागदावर कुठंच नाही.

मी ती नोंद अशी लिहीन:

‘सफाई. पानांच्या मजकुरात नाव नसलेले फोटो अपलोड फोल्डरमधून कायमचे काढते, बॅकअपशिवाय परत आणता येत नाहीत. गॅलरीतले फोटोही यात जातात. साइट हळू असेल तर हे चालवू नका, कॅशे चालवा. सफाईआधी त्याच दिवसाचा बॅकअप हवा. प्रथम ड्राय-रननं यादी काढा, मंडळाच्या माणसाला दाखवा, लेखी होकार येईपर्यंत थांबा. शेवटी किती फोटो काढले ती ओळ आली नाही, तर पुन्हा चालवू नका, कळवा.’

ड्राय-रन म्हणजे प्रत्यक्ष काही न करता काय होईल ते दाखवणं. फाइलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकमध्ये ती सोय आहे, वर्डप्रेस कमांडनं चालवायच्या डब्ल्यूपी-सीएलआयमधल्या शोधा-आणि-बदला कमांडमध्येही आहे, त्यामुळे एजंट ती ओळखतात. तुमच्या सफाईत नाही, ती भाच्याकडून घालून घ्या.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच जास्त खटकली. बॅकअपची स्क्रिप्ट शेवटी ‘बॅकअप झाला’ छापते. डिस्क भरली, फाइल अर्धीच राहिली, तरी छापते! स्क्रिप्टच्या ओळी चालवणारा प्रोग्राम म्हणजे बॅश; मधली एखादी कमांड फसली तरी तो पुढच्या ओळीवर जातो, थांब म्हणून सांगावं लागतं. आपण फाइलचा आकार बघून चरकलो असतो. एजंट ती ओळ वाचून निर्धास्त पुढे जाऊ शकतो. संपताना स्क्रिप्ट निकालाचा एक आकडा, म्हणजे कोड, परत देते; यश आलं तरच तो शून्य, नाहीतर दुसरा आकडा आणि कारण, एवढं स्क्रिप्टनंच सांगायला हवं.

ही माहिती साइटच्या मुख्य फोल्डरात एजंट्स डॉट एमडी (AGENTS.md) नावानं ठेवा. 2025 पासून ही पद्धत रुळते आहे, बरेच कोडिंग एजंट ती फाइल आपणहून वाचतात. अँथ्रोपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला बाहेरची साधनं जोडायची पद्धत, खुला केला, त्यात तर साधनावर ‘फक्त वाचतं’, ‘नाश करू शकतं’ अशा खुणाही लावता येतात. पण खूण म्हणजे पाटी, कुलूप नव्हे. कुलूप हवं तर एजंटला सर्व्हरवर वेगळं खातं द्या आणि त्या खात्याला अपलोड फोल्डरात लिहिण्या-पुसण्याची परवानगीच देऊ नका.

सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथालयं लावायला अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणलं. 1913 मध्ये ते परतले, पण वर्ग काढून, माणसं तयार करून गेले. तुमचा भाचा सगळं डोक्यात घेऊन विमानात बसला! त्याला फोन करून प्रत्येक स्क्रिप्टबद्दल एकच विचारा: ही कधी चालवायची नाही? तो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवा. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच, तेव्हा दुपारी जेवणं आटोपली की लगेच लावा.