चर्चमधल्या लोकांवरून मन उडालं असेल तर घरीच प्रार्थना करून ख्रिस्ती राहता येतं का?

तुमचा प्रश्न मला असा कळला की येशूवर विश्वास आहे, रोज थोडीफार प्रार्थनाही होते, पण चर्चमधलं राजकारण, पाठीमागे चालणारी कुजबुज, कोण किती देतो त्यावरून मिळणारा मान हे सगळं बघून रविवारी तिकडे जावंसंच वाटत नाही, आणि घरचे म्हणतात चर्च सुटलं म्हणजे विश्वासच सुटला.

घरच्यांचं ते म्हणणं मला मान्य नाही, हे आधीच सांगते. अंथरुणाला खिळलेली माणसं असतात, रविवारी ड्युटी असणारे असतात, जवळपास चर्चच नाही अशा ठिकाणी राहणारे असतात, त्यांची प्रार्थना देव ऐकत नाही असं कोण म्हणेल? येशूनेच दार लावून एकांतात प्रार्थना करायला सांगितलंय (मत्तय ६:६) आणि तो स्वतः पहाटे अंधारात उठून एकटाच निघून जायचा. तेव्हा घरची प्रार्थना काही कमी दर्जाची नाही, ती चालूच ठेवा. पण फक्त तेवढ्यावर आयुष्यभर भागेल का असं विचाराल तर मला तरी वाटतं की नाही भागत.

आधी त्या ढोंगीपणाबद्दल. तुमचा राग खरा आहे आणि तो आजचा नाहीये. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाला, पत्र लिहिलं ते साधारण सन ५५ च्या सुमाराला, म्हणजे येशूला क्रुसावर देऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, त्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं अजून हयात होती, आणि तेव्हाच तिथे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेताना, काही जण आपलं आपलं आधीच खाऊनपिऊन झिंगत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल त्यांना तोंडावर सांगतो की तुमच्या एकत्र येण्याने भलं व्हायचं सोडून नुकसानच होतंय. एवढं सुनावूनसुद्धा तो 'मग जमणं बंद करा' असं म्हणत नाही, तो म्हणतो एकमेकांसाठी थांबा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण चर्च म्हणजे चांगल्या लोकांची जागा अशी अपेक्षा पौलानेही ठेवली नव्हती.

आता मी का जाते ते सांगते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावातली गोष्ट आहे, एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं जण उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकून त्याला खाटेसकट खाली सोडतात. त्यानंतर लिहिलंय की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. त्या आजारी माणसाचा विश्वास होता की नव्हता यावर एक अक्षरही नाही, तो बिचारा काही बोलतच नाही. मला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती पण ती कळली आई गेल्यानंतर. तेव्हा मला प्रार्थनाच करता येईना. म्हणजे देवावर राग होता असंही नाही, डोळे मिटले की आत नुसतं रिकामं वाटायचं आणि शब्द म्हणून येत नव्हते. सवयीने चर्चला जायचे, गीताचं पुस्तक उघडून नुसती उभी राहायचे. शेजारी एक वयस्कर बाई असायच्या, आवाज थोडा चिरका, सूर बऱ्याचदा वर चढलेला. त्या गात असायच्या आणि कडवं पुढच्या पानावर गेलं की हात लांब करून माझ्या पुस्तकाचं पान उलटायच्या. मी गात नाहीये हे त्यांना दिसत होतं, तरी दर वेळी उलटायच्या. 'देवाची इच्छा होती', 'धीर धर' असलं काही त्या कधी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत माझा विश्वास माझ्याकडे नव्हताच, तो शेजारच्या बाकांवर होता, आणि मी घरी एकटी बसले असते तर तो मला परत मिळाला असता असं मला खरंच वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की कधीकधी सगळ्याबद्दलच शंका येते. येऊ द्या ना. येशूचा शिष्य थोमा याचंच बघा, मरणातून पुन्हा उठलेला येशू शिष्यांना पहिल्यांदा भेटला त्या संध्याकाळी तो तिथे नव्हता, आणि बाकीच्यांनी सांगितल्यावर त्याने सरळ सांगितलं की जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. याच्यावर उपदेश खूप होतात, पण मला त्यातला मधला आठवडा जास्त भिडतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले तेव्हा थोमा त्यांच्यात होता. म्हणजे त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही न मानता त्यांच्यातच बसला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तर देवालाच जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे.

आणि न आवडणाऱ्या लोकांचं म्हणाल तर घरी प्रार्थना करताना माझ्यासोबत मला आवडणारेच लोक असतात, म्हणजे मी स्वतः. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल एकट्याने राहून साधना करण्याबद्दल लिहिताना असंच विचारतात की एकटा राहिलास तर, येशूने शिष्यांचे धुतले तसे पाय तू कुणाचे धुशील? शेजाऱ्यावर प्रेम करा हे वाक्य वाचायला फार सोपं आहे, पण शेजारी असा माणूस हवा ना की ज्याच्यावर प्रेम करणं जड जातं. आमच्या मंडळीत हिशोबावरून एका बाईंशी माझं चांगलंच वाजलं होतं, अजूनही त्या मुद्द्यावर आमचं एकमत नाही. पुढच्याच प्रभुभोजनाला भाकरीचं ताट त्यांच्या हातून माझ्याकडे आलं. त्यांनी ते नीट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि मी घेईपर्यंत सोडलं नाही. आमची मैत्री वगैरे झाली नाही, पण त्या माझ्या कोण लागतात हे मला तेव्हा कळलं.

ऑनलाइन उपासना बघितली तर चालेल का हेही तुम्ही विचारलंय. २०२० मध्ये चर्च बंद होती तेव्हा आम्हा सगळ्यांना तोच आधार होता, आजारी लोकांना आजही आहे, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलंय त्यात वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकरी आणि द्राक्षारस हे सगळं आहेच, शिवाय जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जायचा आणि जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना मदत व्हायची. कोण आलं नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायचं. स्क्रीनवर बघताना आपण आलो नाही हे कुणाला कळत नाही, आणि शेजारी कोण रडतंय हे आपल्याला कळत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. तुम्ही ज्याला राजकारण म्हणताय ते कंटाळवाणं, चीड आणणारं राजकारण असेल तर वरचं सगळं लागू आहे. पण तिथे कुणी तुमच्याशी गैरवर्तन केलं असेल, पैशासाठी दबाव आणला असेल, धमकावलं असेल, आणि वर 'क्षमा करा, गप्प बसा' असं सांगितलं असेल तर ती जागा सोडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज असेल तर पोलिसांकडे जा. क्षमेच्या नावाखाली कुणाला गप्प बसवणं हे येशूच्या शिकवणीत कुठेही नाही, आणि ती जागा सोडणं म्हणजे विश्वास सोडणं नाही.

तसं काही नसेल तर लगेच कायमचा निर्णय घेऊ नका. मोठ्या रविवारच्या उपासनेपासूनच सुरुवात करायला हवी असंही नाही, आठवड्यात घरोघरी होणाऱ्या छोट्या प्रार्थनासभा असतात, तिथे पाचसात माणसं असतात आणि तिथे दिखावा फार टिकत नाही. किंवा दुसऱ्या मंडळीत जाऊन मागच्या बाकावर बसा, कुणाशी बोलायचं नसेल तर शेवटच्या गीताला निघून या. तेही जमत नसेल तर जुन्या मंडळीतल्या अशा एकाच माणसाला फोन करा जो तुम्हाला खरा वाटतो, आणि त्याला हेच सगळं सांगा जे इथे अनोळखी लोकांना लिहिलंत. त्याला प्रार्थना करायला सांगा, तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालेल.